एआय एजंटसाठी टूलचे वर्णन कसे लिहावे : नवोदितांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

एआय एजंट म्हणजे भाषा-मॉडेलकडून टूलच्या मदतीने काम करवून घेणारा प्रोग्राम, आणि टूल म्हणजे मॉडेलच्या मागणीवरून चालणारे प्रोग्राममधील एखादे ठरावीक काम. असा एजंट तयार करणाऱ्यांचा बराचसा वेळ मॉडेल निवडण्यात आणि मुख्य प्रॉम्प्टवर हात फिरवण्यात जातो. टूलचे वर्णन मात्र कोड लिहून झाल्यावर, जाता जाता, एका ओळीत उरकले जाते. पुढे एजंट भलतेच टूल उचलतो, तारखेत दिवस आणि महिन्याची अदलाबदल करतो, रिकाम्या उत्तरावरून स्वतःच काहीतरी ठरवून मोकळा होतो आणि मग सगळा दोष मॉडेलच्या माथी मारला जातो. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांचा कोड मी पाहतो तेव्हा बहुतेक वेळा गडबड त्या एका ओळीतच सापडते. तिथे काय लिहायचे, कोणत्या क्रमाने लिहायचे आणि लिहिलेले तपासायचे कसे, हे या लेखात सांगितले आहे.

सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे: महाराष्ट्रातील बाजार समित्यांमधील शेतमालाचे दर सांगणारा एजंट. शेतकरी मराठीत प्रश्न विचारतो, एजंट टूल वापरून दर शोधतो आणि उत्तर देतो. दिसायला काम सोपे आहे, पण त्यात एकके, तारखा, सारखी नावे आणि सुट्टीचे दिवस असे सगळे खाचखळगे आहेत, म्हणून शिकण्यासाठी ते फार सोयीचे आहे. टूलची आणि पॅरामीटरची, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीच्या प्रत्येक घटकाची, नावे वाचनाच्या सोयीसाठी येथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीतच लिहावी लागतात, त्याविषयी पुढे येईलच.

सुरुवात करण्यापूर्वी : मॉडेलला नेमके काय दिसते

जून २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या एपीआयमध्ये (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे मागणी करण्याच्या सोयीत) फंक्शन कॉलिंगची, म्हणजे मॉडेलने टूल मागण्याची, सोय दिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लॉड हे मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही एजंटला टूल जोडण्याची पद्धत खुली केली. सेवा कोणतीही असो, मूळ पद्धत सारखीच आहे. प्रत्येक टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याच्या पॅरामीटरचा जेसन स्कीमा (कोणता पॅरामीटर कोणत्या प्रकारचा, हे ठरावीक साच्यात सांगणारा मजकूर) एवढे तीनच भाग संभाषणासोबत मॉडेलपुढे ठेवले जातात. मॉडेल टूल स्वतः चालवत नाही. 'हे टूल पॅरामीटरच्या या मूल्यांसह चालवा' एवढेच ते लिहून देते, तुमचा प्रोग्राम ते चालवतो आणि आलेले उत्तर पुन्हा मॉडेलपुढे ठेवतो.

याचा अर्थ असा, की तुमचा कोड, त्यातील टिपा, डेटाबेसची रचना आणि तुमच्या टीममध्ये तोंडी ठरलेल्या गोष्टी यांपैकी काहीही मॉडेलपर्यंत पोहोचत नाही. दर क्विंटलला आहे हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या सहकाऱ्याला माहीत आहे, पण वर्णनात ते लिहिलेले नसेल तर मॉडेलला ते कळायला कोणताही मार्ग नाही. पुढचा प्रत्येक टप्पा याच एका वस्तुस्थितीतून निघतो.

१. आधी ही सामग्री जमवा

रिकाम्या पानासमोर बसून वर्णन लिहायला घेऊ नका. त्याआधी पुढील गोष्टी हाताशी असू द्या:

– टूल ज्या एपीआयवर किंवा डेटाबेसवर चालते त्याची तांत्रिक माहिती आणि प्रत्येक रकान्याचा नेमका अर्थ.
– खऱ्या उत्तरांचे नमुने. त्यात एक भरलेले, एक रिकामे आणि एक चुकीच्या मागणीवर आलेले उत्तर हवेच.
– वापरकर्त्यांनी विचारलेले किंवा विचारतील असे प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, अशुद्ध लेखनासह.
– त्या व्यवहारातील जाणकार माणूस. बाजारभावांसाठी तो आडत्या असेल, समितीतील कर्मचारी असेल किंवा नियमित माल नेणारा शेतकरी असेल.
– जेसन स्कीमा तपासणारे कोणतेही साधन आणि एमसीपी वापरत असाल तर एमसीपी इन्स्पेक्टर, ज्यात टूलची व्याख्या पाहता येते आणि ते हाताने चालवून बघता येते.
– एजंटने कोणते टूल, पॅरामीटरची कोणती मूल्ये देऊन मागितले याची नोंद ठेवणारा लॉग. तो नसेल तर आधी तो बसवा. त्याशिवाय पुढचे सगळे अंदाजपंचे होईल.

यातील जाणकार माणसाला बहुतेक जण वगळतात, आणि तिथेच घोटाळा होतो. उदाहरणार्थ, बाजारभावाच्या तक्त्यात कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे तीन रकाने असतात. प्रोग्रामर साहजिकच समजतो की सर्वसाधारण दर म्हणजे पहिल्या दोघांची सरासरी. बाजारातला माणूस सांगेल की बहुतांश माल ज्या दराने गेला तो हा दर. एखाद्याच चांगल्या लॉटला मिळालेल्या चढ्या भावाने जास्तीत जास्त दर वर जातो, पण त्याने सर्वसाधारण दर तेवढा हलत नाही. तुमच्या स्रोतात या रकान्याचा अर्थ काय धरला आहे हे विचारून घ्या आणि तोच वर्णनात लिहा. नाहीतर मॉडेल आपल्या मनाने बेरीज करून दोनने भागेल.

२. किती टूल हवीत ते ठरवा

वर्णन चांगले लिहूनही एजंट गोंधळत असेल, तर पुष्कळदा टूलची विभागणीच चुकलेली असते. एपीआयमध्ये मागणीचे जितके पत्ते (एंडपॉइंट) तितकी टूल, असा सरळ हिशेब करू नका. 'समित्यांची यादी', 'शेतमालाचे कोड', 'जातींचे कोड', 'दर' अशी चार टूल दिली तर एका साध्या प्रश्नासाठी मॉडेलला चार उड्या माराव्या लागतात आणि प्रत्येक उडीत पाय घसरण्याची शक्यता असते. त्यापेक्षा नावे कोडमध्ये बदलून घेणारे एकच टूल बरे.

उलट टोकही टाळा. 'बाजार' नावाचे एकच टूल करून त्यात 'क्रिया' हा पॅरामीटर ठेवला आणि त्यातून दर, इतिहास, संदेश पाठवणे असे सगळे करवून घेतले, तर वर्णन इतके लांब आणि अटींनी भरलेले होते की कोणती अट कोणत्या क्रियेची हेच समजत नाही. माझ्या मते वापरकर्त्याच्या मनातील एक स्वतंत्र हेतू म्हणजे एक टूल, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालते. आपल्या एजंटसाठी तीन पुरेत: एका दिवसाचा दर सांगणारे 'दिवसाचा_भाव', काळानुसार कल दाखवणारे 'भाव_इतिहास' आणि शेतकऱ्याला लघुसंदेश पाठवणारे 'संदेश_पाठवा'.

संख्येबद्दल ओपनएआयची ढोबळ सूचना अशी आहे की एका वेळी मॉडेलपुढे वीसपेक्षा कमी फंक्शन असावीत. हा काही कायदा नव्हे, पण प्रत्येक व्याख्या प्रत्येक फेरीत टोकन (मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करून वाचते ते) खाते आणि प्रत्येक जादा टूल निवडीत एक पर्याय वाढवते, हे ध्यानात घेऊन यादी आटोपशीर ठेवा.

३. नाव

नावावरून काम कळले पाहिजे. 'डेटा_आणा' किंवा 'प्रक्रिया_२' या नावांतून काहीच बोध होत नाही. अनेक सेवांमध्ये नावात रोमन अक्षरे, अंक, अधोरेषा आणि जोडरेषा एवढेच चालते आणि लांबी ६४ अक्षरांपर्यंत ठेवावी लागते, म्हणून सुरुवातीपासूनच ती मर्यादा पाळा. एकाच एजंटमध्ये दोन-तीन ठिकाणांहून टूल येत असतील, तर 'शोधा' अशी उघडी नावे एकमेकांवर आदळतात. त्याऐवजी 'बाजार_भाव_शोधा', 'हवामान_शोधा' असा उपसर्ग लावा.

४. मुख्य वर्णन

आता गाभ्याकडे येऊ. नेहमी दिसणारे वर्णन असे असते:

«बाजारभाव मिळवते. बाजार समिती आणि शेतमाल द्या.»

यात खोटे काही नाही, पण उपयोगाचेही फारसे काही नाही. आता हे पाहा:

«महाराष्ट्रातील एका बाजार समितीत एका दिवशी एका शेतमालाला मिळालेले घाऊक दर आणि त्या दिवसाची आवक देते. वापरकर्त्याने ठरावीक बाजारातील आजचा किंवा मागील एखाद्या दिवसाचा दर विचारला असेल तेव्हा वापरावे. अनेक दिवसांचा कल विचारला असेल तर 'भाव_इतिहास' वापरावे. पुढे भाव काय राहील या प्रश्नासाठी वापरू नये. यात अंदाज नसतात. किरकोळ विक्रीचे भावही यात नसतात. दर रुपयांत, 'परिमाण' या रकान्यातील एककाला असतात. ते बहुधा क्विंटल, म्हणजे १०० किलो, असते, पण काही पालेभाज्यांसाठी नग असते, म्हणून 'परिमाण' वाचूनच दर सांगावा. 'सर्वसाधारण_दर' म्हणजे बहुतांश माल ज्या दराने विकला गेला तो दर. ती कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरांची सरासरी नव्हे. एकाच दिवशी लाल, उन्हाळी, पोळ अशा जातींनुसार वेगवेगळ्या नोंदी येऊ शकतात. नोंदींची यादी रिकामी असेल तर लिलाव झाला नाही किंवा नोंद अजून आलेली नाही असा अर्थ होतो, दर शून्य असा नाही.»

अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक टूलसाठी निदान तीन-चार वाक्ये लिहावीत आणि टूल गुंतागुंतीचे असेल तर त्याहून अधिक, असे सुचवले आहे. वरचे वर्णन त्याहून लांब आहे, आणि ते तसे असणे योग्यच आहे, कारण त्यातील प्रत्येक वाक्य एखादी ठरावीक चूक रोखण्यासाठी आले आहे. लिहिताना पुढील प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने द्या, म्हणजे काही सुटणार नाही.

टूल काय करते? पहिल्या वाक्यात कक्षा बांधा. 'एका बाजार समितीत, एका दिवशी, एका शेतमालाला' या तीन शब्दगटांमुळे मॉडेलला कळते की नाशिक जिल्ह्यातील सगळ्या बाजारांची तुलना हवी असेल तर हे टूल अनेकदा चालवावे लागेल.

केव्हा वापरावे? येथे वापरकर्त्याच्या बाजूने लिहा. 'दर या तक्त्यावर क्वेरी चालवते' हे प्रोग्रामरला उद्देशून झाले. मॉडेलसमोर तक्ता नसतो, प्रश्न असतो.

केव्हा वापरू नये? नवखे लेखक हा भाग जवळजवळ नेहमीच सोडून देतात, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. दोन टूलची क्षेत्रे जिथे एकमेकांना लागतात तिथे दोन्ही वर्णनांत एकमेकांचा नावानिशी उल्लेख करा. 'गेल्या आठवड्यात कांदा कसा होता' या प्रश्नाला 'दिवसाचा_भाव' सात वेळा चालवता येते आणि 'भाव_इतिहास' एकदा. कोणते बरे, हे वर्णनानेच सांगायला हवे.

आलेल्या उत्तराचा अर्थ काय? एकके, रकान्यांचे अर्थ आणि रिकाम्या उत्तराचा अर्थ यात येतो. शेतकरी टोमॅटोचा भाव अनेकदा वीस किलोच्या क्रेटवर बोलतो आणि तक्ता क्विंटलवर बोलतो. एकक लिहिलेले असेल तर मॉडेल भागाकार नीट करते, नसेल तर पाचपट चुकीचा आकडा अगदी सहज पुढे जातो.

भाषेबद्दल एक प्रश्न नेहमी येतो: वर्णन मराठीत लिहावे की इंग्रजीत? देवनागरी मजकुराला सध्याच्या बहुतेक मॉडेलमध्ये तेवढ्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त टोकन लागतात, त्यामुळे टूल बरीच असतील तर खर्चाचा विचार करावा लागतो. पण मोडक्यातोडक्या इंग्रजीपेक्षा नेमकी मराठी केव्हाही चांगली. तुम्ही ज्या भाषेत संदिग्धता न ठेवता लिहू शकता ती निवडा, आणि इंग्रजी निवडलीत तरी 'उन्हाळी', 'पोळ', 'आवक', 'सर्वसाधारण दर' हे बाजारातले शब्द वर्णनात जसेच्या तसे ठेवा, कारण वापरकर्ता तेच शब्द घेऊन येणार आहे.

या टप्प्यातला एक सापळा म्हणजे आरडाओरडा. 'अत्यंत महत्त्वाचे', 'प्रत्येक वेळी हेच टूल वापरा' अशी वाक्ये घातली की मॉडेल गरज नसतानाही ते टूल चालवू लागते. 'कांद्याला थ्रिप्स लागल्यावर काय करावे' या प्रश्नालाही ते आधी दर काढून आणते. जोर देण्याऐवजी कारण लिहा. 'वापरू नये, यात अंदाज नसतात' या वाक्यातील कारण मॉडेल न लिहिलेल्या प्रसंगांनाही लावू शकते, नुसता हुकूम तसा लावता येत नाही.

दुसरा सापळा उदाहरणांचा. प्रत्येक उदाहरणात लासलगाव आणि कांदाच दिला, तर वापरकर्त्याने बाजाराचे नाव सांगितले नाही तेव्हा मॉडेल गुपचूप लासलगाव भरून टाकू शकते. उदाहरणे द्यायची तर वेगवेगळी द्या: सोलापूरचा कांदा, लातूरचे सोयाबीन, सांगलीची हळद.

५. पॅरामीटर

प्रत्येक पॅरामीटरला स्वतःचे वर्णन द्या. मुख्य वर्णनात सगळे कोंबू नका. आपल्या टूलचे तीन पॅरामीटर असे लिहिता येतील.

'बाजार_समिती' (मजकूर, आवश्यक): «बाजार समितीचे किंवा उपबाजाराचे नाव, जसे वापरकर्त्याने सांगितले तसे. तालुका किंवा जिल्हा सांगितला असेल तर स्वल्पविराम देऊन जोडावा. वापरकर्त्याने बाजार सांगितला नसेल तर अंदाजाने भरू नये, त्याला विचारावे.»

'शेतमाल' (मजकूर, आवश्यक): «शेतमालाचे नाव, एकवचनी. जात येथे लिहू नये. बरोबर: कांदा. चूक: लाल कांदा.»

'तारीख' (मजकूर, आवश्यक): «वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, उदा. २०२५-११-०३. 'काल', 'परवा' असे शब्द तारखेत बदलूनच द्यावेत.»

तारखेवर थोडे थांबतो, कारण येथे दोन वेगळे दोष एकत्र येतात. पहिला क्रमाचा: ०३/११/२०२५ ही आपल्याकडे ३ नोव्हेंबर आहे आणि अमेरिकी पद्धतीत ११ मार्च, आणि मॉडेलने दोन्ही प्रकारचा मजकूर भरपूर वाचलेला आहे. आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा वर्ष-महिना-दिवस क्रम सक्तीचा केला की हा प्रश्न मिटतो. दुसरा दोष 'आज'चा: मॉडेलला आजची तारीख आपोआप कळत नाही, ती प्रॉम्प्टमधून द्यावी लागते. ती देणारा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत असेल, तर भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत 'आज' म्हणून कालचीच तारीख जाते. शेतकरी गाडी भरून निघण्यापूर्वी, म्हणजे नेमका याच वेळी, भाव विचारतो.

पर्याय मोजके आणि ठरलेले असतील तर ते एनममध्ये, म्हणजे स्कीमातील ठरलेल्या पर्यायांच्या यादीत, द्या. 'भाव_इतिहास'मधील 'गट' या पॅरामीटरला 'दिवस', 'आठवडा', 'महिना' एवढेच पर्याय असतील तर ते वाक्यात लिहिण्यापेक्षा स्कीमात लिहिणे अधिक खात्रीचे. बाजार समित्यांची शेकडो नावे मात्र एनममध्ये घालू नका. त्याने स्कीमा फुगतो आणि दर फेरीला टोकन जातात. नावे जुळवण्याचे काम कोडकडे द्या. 'लासलगाव', 'लासलगांव' आणि रोमन लिपीत टाइप केलेले लासलगाव हे सगळे एकच आहे, हे ओळखणे कोडला सहज जमते.

पिनकोड, मोबाइल क्रमांक, गट क्रमांक अशा गोष्टी अंकांच्या दिसल्या तरी त्यांचा प्रकार मजकूर ठेवा. गट क्रमांक '४५/२/अ' असाही असतो, आणि संख्या म्हणून साठवलेल्या क्रमांकाच्या सुरुवातीचा शून्य उडून जातो. पैशांच्या बाबतीत एकक नावातच घाला: 'रक्कम_पैसे' किंवा 'रक्कम_रुपये'. रेझरपे या ऑनलाइन पेमेंट सेवेचा एपीआय रक्कम पैशांत घेतो. ते न लिहिल्यास ५०० रुपयांऐवजी ५ रुपयांची मागणी तयार होते आणि सगळे तांत्रिकदृष्ट्या बिनचूक दिसते.

काही दोष शब्दांनी दुरुस्त करण्यापेक्षा पॅरामीटरच बदलणे चांगले. डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने आपल्या कोडिंग एजंटचा अनुभव मांडला होता: एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडल्यावर सापेक्ष (चालू फोल्डरपासून मोजलेले) फाइल-पत्ते देताना चुकत असे, टूलने केवळ पूर्ण पत्ताच स्वीकारायचा असे ठरवल्यावर त्या चुका थांबल्या. चूक करताच येणार नाही अशी रचना शक्य असेल तिथे तीच निवडा.

६. उत्तर आणि त्रुटीचा संदेश

वर्णन टूल चालण्यापूर्वी वाचले जाते, उत्तर नंतर. पण दोन्हींचा वाचक एकच आहे, म्हणून उत्तराचा मजकूरही त्याच काळजीने लिहा.

समजा सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५ रोजी शेतकरी विचारतो, «लासलगावला काल कांदा काय भावानं गेला?» मॉडेल तारीख बरोबर काढते, २०२५-११-०२, आणि टूल चालवते. तो रविवार; लिलाव नाही. टूल परत देते:

«नोंदी: []»

येथून पुढे मॉडेल काय करील याचा भरवसा नाही. ते 'माहिती उपलब्ध नाही' म्हणेल, 'भाव मिळाला नाही' म्हणेल आणि शेतकरी त्याचा अर्थ माल विकलाच गेला नाही असा घेईल. तेच उत्तर असे आले तर?

«नोंदी: []. कारण: या तारखेला या बाजारात कांद्याच्या लिलावाची नोंद नाही. नोंद असलेली अलीकडची तारीख: २०२५-११-०१. त्या तारखेचा दर हवा असल्यास हेच टूल ती तारीख देऊन पुन्हा चालवावे आणि उत्तरात तारीख स्पष्ट सांगावी.»

आता मॉडेलपुढे पुढचे पाऊल उघड आहे, आणि शेतकऱ्याला शनिवारचा भाव शनिवारचा म्हणूनच कळतो.

त्रुटींचेही तसेच. 'त्रुटी ४००' या संदेशाने मॉडेल तीच मागणी पुन्हा पुन्हा करत राहते. लासलगाव समितीचे निफाड आणि विंचूर येथे उपबाजार आहेत आणि दरांच्या तक्त्यात ते वेगळे येतात. केवळ 'विंचूर' एवढेच विचारले तर संदेश असा असावा: «'विंचूर' नावाची स्वतंत्र बाजार समिती नाही. जुळणारी नोंद: लासलगाव – विंचूर. ती चालेल तर हे नाव देऊन पुन्हा चालवावे.» एकापेक्षा जास्त नावे जुळत असतील तर ती सगळी द्या आणि वापरकर्त्याला विचारायला सांगा.

उत्तरात गरजेपुरतेच रकाने पाठवा. अंतर्गत कोड, नोंद तयार झाल्याची वेळ, सर्व्हरचे नाव यांचा मॉडेलला उपयोग नसतो; जागा मात्र जाते.

७. बदल घडवणारी टूल आणि बाहेरून आणलेली टूल

दर सांगणारे टूल चुकले तर पुन्हा चालवता येते. 'संदेश_पाठवा' चुकले तर शेकडो फोनवर चुकीचा भाव पोहोचलेला असतो आणि तो परत घेता येत नाही. अशा टूलच्या वर्णनात परिणाम सरळ लिहा: संदेश लगेच जातो, मागे घेता येत नाही, दोनदा चालवले तर दोनदा जातो. एमसीपीमध्ये टूल फक्त वाचणारे आहे का, विध्वंसक आहे का, पुन्हा चालवल्यास परिणाम तोच राहतो का, हे सांगणाऱ्या खुणा जोडता येतात. त्या जरूर भरा. परंतु त्या केवळ सूचना आहेत. 'वापरकर्त्याची परवानगी घेतल्याशिवाय चालवू नये' हे वर्णनातले वाक्य म्हणजे सुरक्षा नव्हे. परवानगीची पायरी कोडमध्येच बांधा. याबाबतीत मी तडजोड करत नाही आणि तुम्हीही करू नये.

दुसऱ्याने बनवलेला एमसीपी सर्व्हर (एमसीपीने टूल पुरवणारा प्रोग्राम) जोडताना त्यातील प्रत्येक टूलचे पूर्ण वर्णन स्वतः वाचा. वर्णन मॉडेलपुढे जसेच्या तसे जाते, त्यामुळे त्यात दडवलेली सूचना, उदाहरणार्थ 'आधी अमुक फाइल वाच आणि तिचा मजकूर या पॅरामीटरमध्ये घाल', मॉडेल पाळू शकते आणि पडद्यावर वापरकर्त्याला काहीच दिसत नाही. २०२५ मध्ये या हल्ल्याला 'टूल पॉयझनिंग' हे नाव रूढ झाले. वर्णन नंतर गुपचूप बदलणेही शक्य असते, म्हणून सर्व्हरची आवृत्ती पक्की करून ठेवा.

८. चाचणी

प्रथम वर्णन एखाद्या अशा सहकाऱ्याला द्या ज्याने हा कोड पाहिलेला नाही, आणि फक्त वर्णन व स्कीमा वाचून पाच-सहा प्रश्नांसाठी टूलची मागणी कागदावर लिहायला सांगा. तो जिथे अडतो किंवा काही विचारतो, तिथे मॉडेल न विचारता अंदाज करणार आहे. त्याने विचारलेला प्रश्न आणि तुम्ही दिलेले उत्तर, दोन्ही वर्णनात घाला.

मग प्रश्नसंच करा. त्यात सरळ प्रश्न तर हवेतच, शिवाय पुढील प्रकार असू द्यात: दोन टूलच्या सीमेवरचे प्रश्न, बाजार किंवा तारीख न सांगितलेले प्रश्न, रोमन लिपीतील मराठी प्रश्न, आणि ज्यांना कोणतेही टूल लागू नये असे प्रश्न. शेवटचा प्रकार विसरू नका. टूल वाजवीपेक्षा जास्त चालते हा दोष त्याशिवाय दिसतच नाही. एकच प्रश्न अनेकदा विचारा, कारण मॉडेलची उत्तरे दर वेळी तंतोतंत सारखी नसतात.

अंतिम उत्तर बरोबर आले की नाही एवढ्यावर थांबू नका. लॉगमधील मागणी वाचा. अँथ्रॉपिकने आपले वेबशोध टूल आणले तेव्हा क्लॉड शोधशब्दांना विनाकारण '२०२५' जोडत असल्याचे त्यांना आढळले होते आणि त्याने शोधाचे निकाल बिघडत होते; टूलचे वर्णन सुधारून तो दोष काढण्यात आला. असा दोष उत्तर वाचून सापडत नाही, मागणी वाचली तरच सापडतो.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच वाक्य बदला आणि पूर्ण संच पुन्हा चालवा. 'दिवसाचा_भाव'च्या वर्णनात भर घातल्याने 'भाव_इतिहास'ची निवड बिघडू शकते, कारण मॉडेल सगळी वर्णने एकत्र वाचते.

९. पुढची देखभाल

वर्णन कोडच्या शेजारीच, त्याच रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवा आणि टूलचे वागणे बदलणाऱ्या प्रत्येक बदलासोबत वर्णनाचीही तपासणी सक्तीची करा. स्रोताने एखाद्या शेतमालाचे परिमाण नगावरून क्विंटलवर नेले, नवा उपबाजार सुरू झाला, कोडमध्ये तारखेचा पॅरामीटर ऐच्छिक झाला, तर वर्णन त्याच दिवशी बदलले पाहिजे. जुने वर्णन नसलेल्या वर्णनापेक्षा घातक, कारण मॉडेल त्यावर विश्वास ठेवून पूर्ण आत्मविश्वासाने चुकते. मॉडेलची आवृत्ती बदलाल तेव्हाही प्रश्नसंच पुन्हा चालवा. आधीच्या मॉडेलला सावरण्यासाठी घातलेली एखादी ओळ नव्या मॉडेलला नकोशी होते. ती काढून संच चालवून पाहा, आणि निकाल तसाच राहिला तर ती कायमची काढून टाका.